उसन्या चाकाची फटफटी

मी नर्सबाईंची फटफटी. पडवीत कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी गोणपाट पांघरून उभी आहे ना, तीच मी. हसू नका. उद्या हे घर सोडून चाललेय, म्हणून आज तोंड उघडतेय. आयुष्यभर फटफट केलं, पण त्याला बोलणं कोण म्हणतं?

माझा जन्म विलायतेतला. मुंबईहून आगबोटीने मालवणला आले. बंदरात पडावातून उतरवताना चार खलाशांनी मला उचललं आणि चौघांनीही शिव्या घातल्या, तेवढं पक्कं आठवतं. आधी सात वर्षं एका डॉक्टरांकडे होते. दर रविवारी ते माझी टाकी लख्ख पुसायचे, पण ब्रेककडे कधी वाकून बघितलं नाही. माणसाचं हे असंच, दिसतं तेवढंच पुसायचं. एकोणसाठ साली त्यांनी मला धोंडूला विकलं.

धोंडू म्हणजे नर्सबाईंचा नवरा. आमच्या नर्मदाबाई सरकारी सुईण, अकरा वाड्यांतली बाळंतपणं त्यांच्या हातची. धोंडू मला चालवायचा, त्या मागे एका बाजूला पाय सोडून बसायच्या, मांडीवर औषधांची पेटी. पहिल्या दिवशी अख्खी वाडी बघायला जमली. "बायलेक फटफटीर बसवन मिरयता मेलो!" असं म्हणणारेही होते. पुढे त्याच घरांतल्या बायका माझी फटफट ऐकली की चुलीवर पाणी तापत ठेवू लागल्या. खोटं कशाला बोलू, मला त्याचा भारी अभिमान होता.

खोड एकच होती. माझा मागचा ब्रेक पार झिजलेला आणि पुढचा नुसता शोभेचा. म्हणून खाडीतल्या होडीकडे, म्हणजे तरीकडे, उतरणारी घाटी आली की नर्मदाबाई वरच उतरायच्या आणि पायी खाली जायच्या. धोंडू मला पाय घासत घासत खाली आणायचा. घाटी सरळसोट, आणि ती संपते तिथेच तरीचा धक्का, होडीसाठी थांबलेली माणसं आणि पुढे पाणी.

मला धोंडूच्या नावावर करायचं, तर मोटारींच्या इन्स्पेक्टरसाहेबांना दाखवायला हवं होतं. साहेब वर्षातून दोनदा मालवणला येत, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर. साठ सालच्या मेमध्ये नापास झाले असते, तर दिवाळीपर्यंत घरात बसणं आलं. आणि त्याच पावसात खाडीपलीकडची सुशीला बाळंत व्हायची होती. तिची आधीची दोन बाळं गेली होती, सुईण पोचायला उशीर झाला म्हणून. नर्मदाबाईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "ह्या खेपेक मी वेळेर येतलंय. तू भियाव नको." मी अंगणात उभी होते. मी ऐकलंय ते.

ब्रेकचं सामान मुंबईहून यायचं, ते साहेबांआधी पोचणार नव्हतं, आणि पुढे पावसाळ्यात आगबोटी बंद. मग भाई मिस्त्रीने तोड काढली. त्याच्याकडे माझ्याच जातीची दुसरी गाडी होती, आणि आमचा ब्रेक चाकाच्या पोटातच बसवलेला असतो. "एक दिस माजा मागचा चाक लाव," तो म्हणाला, "सायब गेलो की परत दी."

मुलगी दाखवायच्या दिवशी शेजारणीच्या पाटल्या घालतात ना, तसं मला उसनं चाक लावलं. लाज वाटली. पण सुशीलेसाठी म्हणून गप्प राहिले.

तरी धोंडूच्या जिवाला स्वस्थता नव्हती. तो देवळात गेला. लवू गुरवाने देवाच्या अंगावर उजवीकडे-डावीकडे पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची फटफटी सायबाम्होरे पास होतली आसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!" बाकीचे ओरडले, "व्हय म्हाराजा!" उजवीकडची पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. धोंडूने तिथेच लोटांगण घातलं.

आणि झाले की पास! साहेबांनी मला रेस्ट हाऊससमोरच्या सपाट मैदानावर फिरवलं, ब्रेक दाबला, भोंगा वाजवला, दिवा लावून बघितला. "जुनी आहे, पण ठणठणीत आहे," म्हणाले आणि सही ठोकली. संध्याकाळी भाईचं चाक भाईकडे गेलं आणि माझं झिजकं चाक माझ्याकडे आलं.

इथवर सगळं ठीक. पण माणसाच्या मनाची गंमत बघा. चाक ज्याने स्वतःच्या हाताने बदललं, तोच धोंडू आठ दिवसांत ते विसरला! कागद घडी करून खिशात ठेवला आणि जो भेटेल त्याला दाखवत सुटला. "सायबान पास केल्यान, देवान पास केल्यान." कागद माझा ब्रेक दाबणार होता काय?

आषाढात एका सकाळी सुशीलेचा दीर गणपत चिखलाने माखून धावत आला. "बाये, बेगीन चल! वयनीच्या पोटात दुखूक लागला."

आम्ही निघालो. पाऊस नुसता कोसळत होता. घाटी जवळ आली तशा नर्मदाबाई म्हणाल्या, "थांबा, मी उतारतंय."

"आता कित्याक उतारतंस?" धोंडू म्हणाला. "पास झालेली फटफटी ती! बस गपचूप, दोन मिनटांत तरीर."

ओरडून सांगावं तर मला एकच शब्द येतो, आणि तो मी वाटभर ओरडतच होते.

घाटीच्या तोंडावर मी बंद पडले. मुद्दाम? आता कोण सांगणार. प्लगात पाणी गेलं असेल. तसं ते आधीही कैकदा गेलं होतं.

धोंडूने लाथा मारमारून किक मारली. "हयच मराक व्हया होता काय गो तुका? भवानी मेली!" नर्मदाबाई मात्र पेटी डोक्यावर घेऊन धावत सुटल्या होत्या. "तुमी तिका बघा, मी जातंय!"

त्या धक्क्यावर पोचल्या. धोंडू मला हाताने ढकलत उतरू लागला. चार पावलांवर मी सुटले. त्याने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. चाक गरगरतच राहिलं. मी त्याला फरफटत नेत होते, आणि समोर होडीत चढणारी माणसं होती, त्यांत नर्मदाबाईंचं हिरवं लुगडं. धोंडूने जीव खाऊन मला बाजूच्या दगडी गडग्यावर घातलं. माझा पुढचा दांडा वाकला. त्याचा गुडघा सोलला.

तो तिथेच चिखलात बसला. आधी खाली होडीकडे बघितलं, मग माझ्या मागच्या सीटकडे बघितलं आणि हुंदके देऊन रडू लागला. मला शिव्या देणारा तोच माणूस माझ्या टाकीवर डोकं टेकून रडत होता. मी काय करणार? नुसती त्याच्या कपाळाला कोमट लागत राहिले.

दुपारी पलीकडून होडीवाल्याने हाक दिली. सुशीलेला मुलगी झाली होती, आणि रडण्याचा आवाज खणखणीत होता.

दुसऱ्या दिवशी धोंडू लंगडत लवू गुरवाकडे गेला. "देवान उजवो कौल दिल्यान, मगे असा कसा झाला?"

"तू काय इचारलं हुतंस?"

"फटफटी पास होतली काय."

"मगे झाली मां पास?" गुरव म्हणाला. "देवान खोटा सांगूक नाय. तिचो ब्रेक बरो आसा काय, ह्या तू इचारूकच नाय."

धोंडू घरी आला. दिवाळीपर्यंत नर्मदाबाई चिखल तुडवत गावोगाव गेल्या आणि तो पेटी घेऊन मागून चालला. दिवाळीनंतर साहेब आले, तेव्हा त्याने मला बैलगाडीत घालून मालवणला नेलं.

"साहेब, ही गाडी मे महिन्यात उसन्या चाकावर पास झाली," तो मान खाली घालून म्हणाला. "हिला नापास करा."

साहेबांचं पेन हातातच राहिलं. "अहो, पास करा म्हणून लोक माझ्या पाया पडतात!"

"तुमच्या कागदावर भरवसा ठेवून बायकोला मागे बसवलं होतं, साहेब. तो कागद मीच खोटा केला होता."

साहेबांनी वाकून माझं मागचं चाक फिरवून बघितलं. "चूक माझीही आहे," ते म्हणाले. "सपाटीवर ब्रेक बघितला. उतारावर न्यायला हवी होती." आणि त्यांनी मोठ्या अक्षरात नापास लिहिलं.

नंतर मुंबईचं सामान आलं, दांडा सरळ झाला, आणि पुढच्या मे महिन्यात मी माझ्या स्वतःच्या चाकावर पास झाले. आठ वर्षं नर्मदाबाईंना वेळेवर पोचवलं. आता घाटीपर्यंत एसटी येते, आणि धोंडूच्या गुडघ्याला किक झेपत नाही.

काल आरोंद्याहून हरिश्चंद्र नावाचा एक मास्तर मला बघायला आला. त्याची बायको आनंदी दारात उभी होती. त्याने पहिलाच प्रश्न केला, "पास आसा मां?"

धोंडूने कपाटातून कागद काढून त्याच्या हातात दिला. पासचा नव्हे, नापासचा. "ह्यो आधी वाच," म्हणाला, "आणि मगे माज्यावांगडा घाटीर चल."

धोंडू, मास्तर आणि मी, आम्ही तिघं घाटी उतरलो. मध्यावर मास्तरने ब्रेक दाबला, आणि मी उभी राहिले. खाली होडीत माणसं चढत होती.

तर मास्तर, उद्यापासून मी तुमची. मला पुसलं नाहीत तरी चालेल. कौल लावा, साहेबाची सहीही घ्या. पण आनंदीबाईंना मागे बसवण्याआधी एकदा रिकामी मला उतारावर न्या, आणि ब्रेक दाबून बघा.