जबलपूरची तिसरी फेरी

सुधाकर लष्करातून निवृत्त होऊन पांढुर्ण्याला परतला आणि एका बँकेत बंदूकवाला पहारेकरी म्हणून लागला. पलटणीत तो बॉक्सिंग खेळलेला होता. ते वेड काही सुटलं नव्हतं. गावाबाहेर कापसाची एक बंद पडलेली जिनिंग होती. तिच्या आवारात त्यानं लाकडी बल्ल्या रोवल्या, दोर ताणले, पोत्यात रेती भरून ते शेडच्या आढ्याला टांगलं, आणि गावातली पोरं जमवली. पोरं त्याला उस्ताद म्हणायची. ही १९८२ सालची गोष्ट.

हिरामण तिथं आला तो एका मित्रासोबत, नुसता पाहायला. बोरगावचा, अठरा-एकोणीस वर्षांचा, सौंसरच्या मंडीत संत्र्यांच्या पेट्या उचलणारा. उस्तादानं गंमत म्हणून त्याच्या हातात ग्लोव्ह चढवले आणि आपला सगळ्यात तयार पोरगा मुकुंद त्याच्यासमोर उभा केला. मुकुंद घामाघूम झाला, पण त्याचा एकही ठोसा हिरामणला लागला नाही. ठोसा निघायच्या आधीच हिरामणचं डोकं बाजूला झालेलं असायचं.

"कोनाजवळ शिकला रे?" उस्तादानं विचारलं.

"कोनाजवळच नाई. बाप दारू पिऊन येते. लहानपनापासून त्याची काठी चुकवून राहिलो."

पोरं हसली. उस्ताद हसला नाही. "उद्यापासून रोज येत जाय," एवढंच म्हणाला.

हिरामण येऊ लागला. पहाटे बोरगावहून पहिली बस धरायचा आणि सराव उरकून सौंसरला कामावर जायचा. वर्षभरात त्यानं छिंदवाड्याची जिल्हा स्पर्धा मारली. त्याचा उजवा हात निघाला की समोरच्याला कळायच्या आत काम झालेलं असे. बागायतदार नत्थूजींनी मंडीत त्याला हार घातला आणि पेटीवर उभं करून लोकांना दाखवलं, "पाहा, हे आपल्या सौंसरचं पोरगं!"

पण असं काही झालं की हिरामण नाहीसा व्हायचा. हार घातला त्या दिवशीही तो गेला, तो पुढचे कित्येक दिवस दिसला नाही. शेवटी उस्तादाला तो मोहगावच्या बाजारात सापडला, ओठ फाटलेला, दारूचा वास येत असलेला. बस कंडक्टरला मारलं म्हणून लोकांनी त्याला बदडलं होतं.

"काऊन मारलं त्याले?"

"एका म्हातारीले ढकललं त्यानं."

उस्ताद त्याला घरी घेऊन आला. बायकोनं, प्रमिलानं, जखम धुतली, भाकर वाढली. जेवताना उस्ताद कशावरून तरी प्रमिलावर जोरात ओरडला, तसा हिरामण ताटावरून उठून दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो खाली मान घालून परत बसला. प्रमिलानं ते पाहिलं. उस्तादाला वाटलं, पोराला पाणी पाहिजे असेल.

१९८५च्या हिवाळ्यात राज्य स्पर्धेसाठी दोघं जबलपूरला गेले. हिरामणनं लागोपाठ कुस्त्या माराव्यात तशा लढती मारल्या आणि तो अंतिम फेरीत पोचला. रेल्वेचे एक साहेब पाहायला आले होते. ते उस्तादाला म्हणाले, "हा जिंकला तर नोकरी नक्की समजा."

समोर भिलाईकडचा एक दणकट पोरगा होता. पहिल्या दोन फेऱ्या हिरामणनं त्याला नाचवलं. तिसऱ्या फेरीत त्यानं एक उजवा असा बसवला, की तो पोरगा कोपऱ्यातल्या दोराला टेकला, गुडघ्यात वाकला आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन अंग चोरून राहिला. आता फक्त एक ठोसा. उस्ताद खुर्चीवर उभा राहून ओरडला, "मार!"

हिरामणनं हात खाली सोडले.

पंच ओरडले, लोक ओरडले. हिरामण त्या पोराकडे नुसता पाहत राहिला. तेवढ्यात त्या पोराला दम आला. त्यानं हनुवटीवर ठोसा हाणला, मग दुसरा. हिरामणनं एकही चुकवला नाही. तो पडला आणि उठला नाही.

परतीच्या गाडीत पांढुर्णा जवळ आलं तेव्हा उस्ताद म्हणाला, "हात चांगले भेटले तुले. पन काळीज नाई भेटलं."

हिरामण खिडकीबाहेर पाहत होता.

दुसऱ्या दिवशी तो ग्लोव्ह परत द्यायला उस्तादाच्या घरी आला. प्रमिलानं ते घेतले नाहीत. "बस आधी," ती म्हणाली. "काय झालं होतं तुले तिथं?"

तो ग्लोव्ह मांडीवर घेऊन बसला.

"माही माय असीच बसे, काकी," तो म्हणाला. "चुलीपाशी, दोन्ही हात तोंडावर घेऊन. बाप मारे अन् मी खाटेखाली लपून पाहो. एक दिवस ते उठलीच नाई. बापानं लोकायले सांगितलं, तापानं गेली."

उस्ताद आतल्या खोलीत होता. तो बाहेर आला आणि हिरामणच्या शेजारी जमिनीवर बसला.

"मले त्या पोराचं भेव नोयतं, उस्ताद," हिरामण म्हणाला. "माहंच भेव वाटलं. त्या वक्ताले हात चालवला असता तं मी थांबलोच नसतो."

"उद्या जिनिंगवर ये," उस्ताद कसाबसा म्हणाला. "मी आहो."

हिरामण आला. रेल्वेचे साहेब त्याचा खेळ विसरले नव्हते. उस्तादानं त्यांना जाऊन गाठलं आणि पुढच्या वर्षी बिलासपूरला रेल्वेच्या भरतीच्या चाचणीसाठी बोलावणं मिळवलं. दरम्यान हिरामणचं लग्न झालं. मंगला मोहगावची, हसऱ्या तोंडाची. तो घरी पोचायची वेळ झाली की ती दारात उभी असायची. काही महिने हिरामण सुखात होता. तो इतका बोलतो हे उस्तादाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

घरात मात्र बाप होता. दादाराव आता म्हातारा झाला होता, काठी उचलण्याइतकी ताकद उरली नव्हती, पण बाटली सुटली नव्हती. चाचणी जवळ आली तशी हिरामणची झोप उडाली, आणि तो बापाशेजारी बसून प्यायला लागला. ज्या माणसाचा त्याला सगळ्यात जास्त राग होता, त्याच्याच शेजारी.

एका संध्याकाळी मंगलानं बाटली अंगणात ओतून दिली. हिरामण उठला आणि त्यानं तिला मारलं. एकदाच मारलं, पण तो हात हिरामणचा होता. मंगला भिंतीवर आदळून खाली बसली. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

खाटेवरून दादाराव हसला. "आता शोभला माहा पोरगा."

हिरामण बाहेर गेला. घरामागे विहीर होती, काळ्या दगडात बांधलेली. तिच्या काठावर तो उजव्या हातानं ठोसे मारत सुटला. आवाज ऐकून शेजारचे धावले, चौघांनी मिळून त्याला मागे ओढलं, तोवर पंजा ओळखू येत नव्हता.

उस्तादाला खबर लागली तसा तो सौंसरच्या दवाखान्यात गेला. हिरामणचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"मंगला?" उस्तादानं विचारलं.

"गेली मोहगावले. बरं झालं." मग हाताकडे पाहून म्हणाला, "आता नाई उठनार हा, उस्ताद. कोनावरच."

उस्ताद त्याला रागवायला आला होता. तो व्हरांड्यात गेला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि रडला.

हाडं वाकडीच जुळली. बिलासपूरच्या चाचणीला दुसरा कोणी गेला. दादाराव वारल्यावर मंगला परत आली, ती स्वतःहून. "पिला तं त्याच दिवशी जाईन," असं तिनं चार लोकांसमोर सांगितलं होतं. हिरामण प्यायचा, पण त्या दिवशी घरी जायचा नाही, मंडीतच पोत्यांवर पडून राहायचा. मंगलाला ते कळत असे. त्यांना एक मुलगी झाली.

१९८९च्या थंडीत उस्ताद काही कामानं सौंसरला गेला होता. बसस्टँडवर हिरामणनंच त्याला हाक मारली. अंगावर पेट्यांचा भुसा, केस अकालीच पिकलेले. दोघांनी चहा घेतला. हिरामणनं कप डाव्या हातानं धरला.

"तो भिलाईचा पोरगा कुठं हाय आता?"

"रेल्वेत लागला. परदेशातही खेळून आला म्हनतात."

"चांगला होता तो," हिरामण म्हणाला. "उजवीकडून जरा उघडा राहे. कोनी सांगितलं असंल त्याले."

उस्तादाला खूप काही बोलायचं होतं. जिनिंगवर ये, पोरांना शिकव, हे तो याआधी सांगून चुकला होता. हिरामण एक दिवस येऊनही गेला होता. पोरांनी एकमेकांवर हात उगारले, तसा कोणाला न सांगता निघून गेला होता.

पांढुर्ण्याची बस लागली. हिरामण धावत जाऊन मंडीतून संत्री घेऊन आला आणि पिशवी खिडकीतून आत दिली.

"काकीले सांगजा, मंगलानं देल्ली म्हनून."

बस निघाली. उस्तादानं मागे वळून पाहिलं, तेव्हा हिरामण पाठमोरा होऊन मंडीकडे चालू लागला होता. तिथं एक ट्रक भरायचा राहिला होता.