थोरल्या साडूची पसंती

राजाभाऊंनी नोकरी सोडली ही बातमी यशोधनला झोंबली नाही. झोंबला तो आसावरीचा आवाज. धाकट्या बहिणीचा, पूर्णिमाचा फोन ठेवून ती बाहेर आली आणि म्हणाली, "छाती लागते बाई अशा गोष्टीला." पंधरा वर्षांच्या संसारात यशोधनच्या छातीबद्दल तिनं काढलेला शेवटचा उद्गार एक्स-रेच्या संदर्भात होता.

तसं पाहिलं तर दोन साडूंच्या हिशेबात जमेची बाजू सगळी यशोधनचीच. तो पुण्याचा मेकॅनिकल इंजिनियर, गॅस कंपनीत सीनियर, दोह्यात बिन महमूदला कंपनीचा फ्लॅट, मुलीची फी कंपनीची, वर्षाला घरी जायची तिकिटंही कंपनीची. राजाभाऊ नाशिकचे, एका बांधकाम कंपनीत ट्रान्सपोर्ट कोऑर्डिनेटर. म्हणजे कुठला ट्रक कुठे अडकलाय ते शोधून शिव्या खाणारा माणूस. राहायला अल मुंतझात, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. पण मत्सर हा असा कारकून आहे की तो आपल्या जमेचं पान कधी उलटून बघत नाही. त्याचं बोट कायम शेजाऱ्याच्या वहीत.

राजाभाऊंच्या डोक्यात होती एक व्हॅन. सौदीची सरहद्द पुन्हा उघडली होती, वर्ल्डकप वर्षावर आला होता, आणि दोह्यात जो तो कशाची तरी वाट बघत उभा होता. लिफ्टचा पार्ट सौदीत दम्मामच्या गोदामात, एसीचा कुवेतला. ट्रकवाले गाडी भरल्याशिवाय हलत नाहीत. "आपण काय करायचं," राजाभाऊ सांगत, "एक नग, एक गाडी. फोन आला की निघायचं, मधे कुणाचा माल घ्यायचा नाही, थेट साइटच्या दारात उतरवायचा. घाई विकायची, यशोधनराव! सध्या कतारमध्ये घाईला तोटा नाही."

गिऱ्हाईकही ठरलं होतं. एका लिफ्ट कंपनीचा स्टोअर सांभाळणारा मुनाफ पारकर, रत्नागिरीकडचा, राजाभाऊंचा जुना दोस्त. तो म्हणाला होता, "गाडी घेऊन ये. पहिली खेप बघतो. जमली तर वर्ल्डकपपर्यंत दम्मामचं सगळं तुझं. नाही जमली तर खलास, दोस्ती वेगळी." राजाभाऊंनी कंपनीतून मिळालेला सगळा हिशेब त्या एका खेपेवर लावला होता. गाडी चुकली तर मागे वळायला नोकरीही नव्हती.

आता या घराण्याची एक रीत होती. थोरल्या जावयाला विचारल्याशिवाय मोठी वस्तू घ्यायची नाही. फ्रीज, सोफा, नाशिकचा प्लॉट, सगळं यशोधनच्या नजरेखालून गेलेलं. तेव्हा गुरुवारी संध्याकाळी दोघे साडू इंडस्ट्रियल एरियात जुन्या गाड्या विकणाऱ्या अबूबकरच्या यार्डात पोचले.

अबूबकर केरळचा. त्यानं दोन गाड्या काढून ठेवल्या होत्या. एक उंच छपराची, पांढरी, मूळची कुठल्याशा एसीवाल्याची. बाजूला पुसलेल्या नावाची सावली अजून दिसत होती. दुसरी बुटकी, चंदेरी, जवळजवळ नवी. मोटारीसारखी सीट, क्रूझ कंट्रोल, मागे बघायचा कॅमेरा.

यशोधननं खिशातून मेजर टेप काढली. माणूस हुशार, यात वाद नाही. पाच मिनिटांत त्याला कळलं की उंच गाडीच या धंद्याची आहे. मागची दारं सताड उघडत होती, फोर्कलिफ्टला थेट आत माल ठेवता येत होता, आणि उंच खोकं उभंच्या उभं राहिलं असतं. या गाडीनं राजाभाऊ मुनाफचं काम मिळवणार. मग सलवाच्या सरहद्दीवरून फोटो येणार, आणि आसावरी ते चष्मा लावून बघणार.

त्यानं टेप मिटली. "हे कपाट आहे, राजाभाऊ."

"कपाट?"

"गोदरेजचं. वाळवंटात आडवा वारा लागला की डोलेल. चाकांवर आवाज किती! आणि ही सीट? दम्मामला पोचेपर्यंत तुमचा मणका आणि तुम्ही वेगळे उतराल."

"साब, इंजन सुन के तो देखो," अबूबकर म्हणाला.

"ऐकलं. दमलंय."

"आणि ती चंदेरी?"

"ती गाडी आहे," यशोधन म्हणाला. "बॅलन्स्ड. लांबच्या प्रवासात ड्रायव्हर ताजा राहिला पाहिजे. सगळं गणित तिथे आहे."

राजाभाऊंनी उंच गाडीकडे पाहिलं, मग यशोधनच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "उद्या सांगतो," ते अबूबकरला म्हणाले. परतीच्या रस्त्यात ते गुणगुणत होते. आपला सल्ला पटल्यावर माणूस गुणगुणतो, अशी यशोधनची समजूत झाली.

शुक्रवारी सकाळी टेबलावर पोहे होते. आसावरी मोबाइल कानाला लावून हसत होती. यशोधननं विचारलं, "कोण?" ती म्हणाली, "काही नाही, पूर्णिमा." पण दहा वर्षांची वल्लरी खऱ्या गोष्टी लपवायच्या वयात अजून आली नव्हती.

"बाबा, मावशी सेज यू आर देअर रिव्हर्स कॅमेरा!"

"म्हणजे?"

"यू नो, तू ज्याला बॅड म्हणतोस ते ते बाय करतात. काका इज टेकिंग द टॉल वन."

आसावरीनं वल्लरीला डोळ्यांनी दटावलं. उशीर झाला होता. "अरे, गंमत करते ती," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वीचा तो नाशिकचा प्लॉट आठवतो ना? तू नाल्याला लागून आहे म्हणालास, त्यांनी सोडला, आणि त्याच्याच शेजारचा तू घेतलास. तेव्हापासून पूर्णिमा म्हणते, दाजींना विचारायचं जरूर, आणि मग..." तिनं पोह्यांवर लिंबू पिळलं.

म्हणजे आपला मत्सर हा घरातला सामायिक माल होता. सगळ्यांना ठाऊक, सगळ्यांच्या वापरात. यशोधन पोहे अर्धे टाकून गॅलरीत गेला. आपण ज्याला कुढून बघतो, त्यानं आपल्या कुढण्याचाच मीटर करून धंदा लावावा! दोन वर्षांत हे दोघं कितीदा हसले असतील, याचा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप मांडला जाऊ लागला. खिडकीआड आसावरी भांडी आवरत होती. त्यानं फोन लावला.

"राजाभाऊ, मी रात्रभर विचार केला."

"बापरे. कशाला त्रास घेतलात?"

"उंचच घ्या."

"म्हणजे ते कपाट?"

"चुकलो मी. घाईत बोललो. अहो, लिफ्टचं मशीन आलं तर ते उभंच ठेवावं लागतं. बुटकीत कुठे मावणार? मागची दारं बघितलीत का? फोर्कलिफ्ट थेट आत. इंजिन तर सोनं आहे. मी तुमच्या जागी असतो ना, तर डोळे मिटून तीच घेतली असती."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच तो राजाभाऊंशी इतकं खरं बोलत होता, आणि प्रत्येक खऱ्या शब्दाबरोबर त्याच्या पोटात गारवा उतरत होता. पलीकडे स्पीकर चालू असावा. पूर्णिमाचं कुजबुजणं स्पष्ट ऐकू आलं, "अहो, हे तर तारीफ करतायत!"

"बरं बरं," राजाभाऊ सावकाश म्हणाले. "शुक्रन, यशोधनराव. बघतो."

शनिवारी संध्याकाळी गाडी दाखवायला आणली ती चंदेरी. बॉनेटला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. आसावरीनं खाली जाऊन गाडीला ओवाळलं, पूर्णिमानं नारळ फोडला, वॉचमननं पाणी कुठे गेलं ते कपाळाला आठ्या घालून पाहिलं. "दाजी, कशी आहे?" पूर्णिमानं मिस्किलपणे विचारलं.

"छान आहे," यशोधन म्हणाला. "तुमची मर्जी."

पहिली खेप पुढच्याच आठवड्यात निघाली. लुसैलच्या एका टॉवरचं लिफ्टचं मशीन, उद्या सकाळी हवंय. राजाभाऊ सरहद्दीवरून व्हॉइस मेसेज टाकत गेले, मागे रेडिओ, पुढे सरळ रस्ता. आसावरी ते स्पीकरवर लावून भाजी चिरत होती आणि यशोधन आतल्या खोलीत कान बंद करू शकत नव्हता. दम्मामनंतर मेसेज थांबले.

गोदामातून जे खोकं बाहेर आलं ते राजाभाऊंच्या खांद्याला लागत होतं. चारी बाजूंना वर तोंड केलेले बाण. आडवं घालायला गोदामवाला तयार होईना, छत खरवडून तिरकं घालायला राजाभाऊ तयार झाले तरी होईना. त्यांनी मुनाफला फोन लावला.

"भावा, छोटी खोकी असतील म्हणाला होतास."

"बहुतेक छोटीच असतात म्हणालो होतो. लिफ्टच्या कंपनीसाठी गाडी घेतोस आणि मशीन मावत नाही?" मुनाफचा आवाज वर गेला. मग उतरला. "मला इथे साइटवर माणसं ओरडतायत, राजा. मी दुसऱ्याला पाठवतो. तू ये परत." त्या 'राजा' म्हणण्यातच खलास होतं. राजाभाऊ रिकामी गाडी घेऊन सरहद्द ओलांडून आले. क्रूझ कंट्रोल उत्तम चाललं.

दोन दिवसांनी ते बिन महमूदला आले. हातात पूर्णिमानं दिलेला चिवड्याचा डबा. सोफ्याच्या टोकावर बसले.

"यशोधनराव, माफी मागायला आलोय."

"अहो, कसली?"

"तुम्ही खरं सांगितलंत आणि आम्ही उलटा अर्थ काढला. आता लपवून काय करू, आम्ही नेहमीच तुमचं उलटं धरायचो. हसायचोसुद्धा. पूर्णिमाला तर तोंड दाखवायची लाज वाटतेय." त्यांनी डब्याच्या झाकणावर बोट फिरवलं. "गाडी विकायला काढलीय. अबूबकर पडत्या भावात मागतोय. ती उंच तर केव्हाच गेली. तुमच्या कंपनीत काही असेल तर... ड्रायव्हरचं असलं तरी चालेल. आता तुम्ही सांगाल तसं."

दोन वर्षांचं सगळं येणं एका दमात वसूल झालं होतं, वर व्याज. यशोधनला वाटलं होतं, फार बरं वाटेल. वाटलंही. पण राजाभाऊंना चहा देताना आसावरीनं त्यांच्या पाठीवर हलकेच हात ठेवला, आणि तो हात यशोधननं पाहिला. बुडालेल्या माणसाच्या वाट्यालासुद्धा काहीतरी येतंच.

"बघतो मी," तो म्हणाला. "इन्शाल्ला, काहीतरी होईल."

राजाभाऊ गेल्यावर आसावरीनं कप उचलले नाहीत.

"यशोधन, वल्लरी बोलली आणि तू पोहे टाकून गॅलरीत गेलास. तेव्हाच फोन केलास ना?"

"त्याचा काय संबंध? खरं तेच सांगितलं मी."

"ऐकलं मी. खिडकी उघडी होती. शब्द न् शब्द खरा होता." ती त्याच्याकडे बघत राहिली. "तू कधी कुणाची इतकी तारीफ केलेली मी ऐकली नव्हती. माझीसुद्धा."

"तू भलतंच काहीतरी..."

तिनं फोन लावला होता. "पूर्णे, राजाभाऊ पोचले का? नाही अजून? बरं, ऐक. दाजींना तुझ्याशी काही बोलायचंय."

"आसावरी, वेडी आहेस का?"

तिनं फोन पुढे धरला. हात खाली घेतला नाही. यशोधननं तो घेतला, आणि त्याच्या मनात पहिला हिशेब आला तो हा, की आता खरं बोललं तर राजाभाऊ पुन्हा भला माणूस ठरणार, आणि तेही काहीही न करता.

"दाजी?" पलीकडे पूर्णिमा थांबली होती. "दाजी, आहात ना?"