फाट्यावरची निर्जळा

प्रतिमाला सातवा सरत आला होता. आठव्यात गर्भारशीनं गावाची शीव ओलांडू नये, म्हणून निर्जळा एकादशी असूनही मी सुनेला माहेरी पोचवायला निघाले. साखरखेर्ड्याहून चिखली, तिथं गाडी बदलून खामगाव, मग पिंपळगाव राजा. लक्ष्मीकांतला, माझ्या मुलाला, कचेरीतून रजा मिळाली नाही.

निघताना प्रतिमा हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमच्यासंगं मीबी आज निर्जळा धरीन."

पोटुशीला नको म्हणायचं होतं. पण अशी सून मिळाली म्हणून मनातून बरं वाटलं, अन् मी तिला अडवलं नाही.

चिखली मागे पडली. उंद्रीच्या अलीकडे एका फाट्यावर इंजिनातून वाफ निघायला लागली. कंडक्टर म्हणाला, "दुसरी गाडी येईन." कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. घाई होती ते ट्रकवाल्याला वेगळे पैसे देऊन गेले. कोणी तिकिटाचे पैसे परत मागितले तर म्हणाला, "अर्ज करा." आम्हाला ट्रकवर चढणं जमण्यासारखं नव्हतं.

टिनाचं एक शेड, त्यात कोरडा रांजण, अन् शेजारी चहाचं हॉटेल.

"चहा घेईन त्यालेच पाणी," हॉटेलवाला म्हणाला. "मलेच बैलगाडीनं आणा लागते, बाई."

टिन तापलं होतं. प्रतिमानं पेटीवर डोकं टेकलं, ओठ पांढरे पडले. मी चहा घेतला, तसाच बाजूला ठेवला, अन् आमचा झाकणाचा तांब्या भरून आणला.

"पी पोरी. पोटातल्या जिवाले उपास नसते."

तिनं मान हलवली. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. मग खाली पाहत बोलली, "आत्याबाई, उपास नाही माहा. पाणी पेलं की जा लागते. मागच्या खेपेले चिखलीपासून घरापर्यंत कशी आली, माहं मले ठाऊक. इथं कुठी जाऊ?"

मी सभोवार पाहिलं. ज्येष्ठातली वावरं, नांगरून उघडी पडलेली. आडोशाला कपाशीची पऱ्हाटीही नाही. पुरुष हॉटेलामागे जाऊन येत होते.

"जागेचं मी पाहीन. तू पी."

"तुम्ही कोरड्या, अन् मी पिऊ?"

लग्नापासून ही एकादशी कधी मोडली नव्हती. मी पांडुरंगाचं नाव घेतलं, तांब्या उचलला अन् प्यायले. मग तिनं तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

आणखी एका चहाचे पैसे देऊन मी तो पुन्हा भरून घेतला, अन् पेटी उघडली. तिच्या ओटीसाठी घेतलेलं हिरवं लुगडं काढलं, घडी न मोडलेलं. कांद्याची पाटी घेऊन आमच्याच गाडीत बसलेली एक बाई, चांगुणा तिचं नाव, पाहत होती. काही न विचारता उठली. "आणा एक टोक इकडे."

शेडच्या मागच्या भिंतीशी आम्ही लुगडं धरून, पाठ फिरवून उभ्या राहिलो. प्रतिमा आत गेली, अन् तेवढ्यात दुसरी गाडी आली. माणसं धावली. हॉर्न वाजला.

"चला बाई," कंडक्टर ओरडला. "गाडी काय तुमच्या घरची हाय?"

"घरची असती तं इथं उन्हात कायले मेलो असतो बे?" चांगुणा म्हणाली.

प्रतिमा बाहेर आली. मी लुगडं आवरायला लागले, तर शेडमधली एक बाई पुढे आली. तिच्या मागे आणखी एक.

"बाई, धरून ठेवा जरा."

"तुमचीबी निर्जळा का वं?" चांगुणानं विचारलं. हॉर्न वाजत राहिला. माझे खांदे भरून आले, पण टोक सोडलं नाही. सगळ्या आटोपेपर्यंत कंडक्टर पायरीवर उभा राहिला, दुसरीकडे तोंड करून.

गाडीत जागा उरली नव्हती. एका म्हाताऱ्यानं सरकून प्रतिमाला टेकण्यापुरती जागा दिली. मी दांडीला धरून उभी राहिले. हातात लुगडं, काठाला माती.

खामगाव अजून लांब होतं. प्रतिमानं माझा पदर ओढला.

"आत्याबाई, फाट्यावर तांब्या पुन्हा भरून घेतला होता ना?"

मी तांब्या तिच्याकडे दिला.