अख्खं जहाज

“बाई, मघाशी तुम्ही एकट्याच होतात. आता या दोघी कुठून उगवल्या?”

हे बोलताना घड्याळजीचा आवाज चिरकलाच. भांडण हा त्याचा प्रांत नव्हे. उभा जन्म खाली मान घालून, डोळ्यात भिंग अडकवून, लोकांची बंद पडलेली घड्याळं चालती करण्यात गेलेला. चढ्या आवाजाची सवय लागणार कुठून? पण आज गप्प बसून भागणार नव्हतं.

“उगवल्या म्हणजे काय? जावा आहेत माझ्या,” पुढची स्कार्फवाली म्हणाली. “मी जागा धरली होती त्यांची. घरात तान्हं बाळ आहे, सगळ्यांना एकदम निघता येतं का? जरा समजून घ्या की!”

“हो का? मग आम्ही काय इथे हवा खायला आलोय?” मागून सायकल धरून उभा असलेला एकजण ओरडला.

दोन्ही जावा सरळ रांगेत घुसल्या. या नाट्यगृहाची रीतच तशी होती. एरवीच्या तिकिटांचे भाव ऐकूनच माणूस घरी परतावा. पण ज्या दिवशी प्रयोग असेल त्या दिवशी सकाळी खिडकीवर पहिल्या रांगेची तिकिटं अगदी स्वस्तात विकायची, माणशी दोन. मान वर करून बसावं लागतं म्हणून स्वस्त. पण जवळ ते जवळच ना! यापूर्वी तो दोनदा येऊन हात हलवत परत गेला होता. आज दुपारी शेवटचा प्रयोग. उद्या मंडळी गाशा गुंडाळून पुढच्या गावाला जाणार होती.

त्यात दारावरचं मोठं घड्याळ मागे पडलेलं. त्याच्या मनगटावर वेळ होऊन गेली होती, पण खिडकी उघडायची ती त्या दळभद्री घड्याळाप्रमाणे. कुणी शिडी दिली असती तर त्याने तिथल्या तिथे चढून ते नीट केलं असतं.

हा सगळा आटापिटा बायकोसाठी. तिची नजर कडेकडेने मिटत चालली होती. डॉक्टरकडे ती आपल्या बहिणीबरोबर जायची. घरी आली की “नजर थोडी कमी झालीय” एवढंच सांगायची आणि लगेच कामाला लागायची. गेल्या खेपेला मात्र बशा पुसता पुसता म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या.”

त्याच्या हातातला चहा तसाच राहिला. “काय राहिलंय तुझं बघायचं?”

“ते जहाजाचं नाटक. गाणी सगळी पाठ आहेत हो माझी, रेडिओवर ऐकून ऐकून. पण शेवटी म्हणे खरंखुरं जहाज येतं, आणि झाडून सगळी माणसं एकदम त्यावर उभी राहून गातात. ते सगळं एकदम बघायचंय.”

घड्याळजीने त्यातलं जहाज तेवढं ऐकलं. आणि कमी दिसत असेल तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. जवळ आणायचं. चिमटीत सापडणार नाही असा स्क्रूसुद्धा भिंगाखाली डोळ्याला भिडवला की दिसतो. म्हणून त्याने घरात मोठे दिवे लावले, तिची सुईदोऱ्याची पेटी हाताशी आणून ठेवली, बोलताना स्वतःही अगदी जवळ जाऊन बोलू लागला. ती मात्र मागे सरकायची. तो एक पाऊल पुढे, ती एक पाऊल मागे, कपाटाला पाठ टेकेपर्यंत. त्याला वाटलं, हाताला येणारा यंत्राच्या तेलाचा वास तिला सोसत नसेल. हल्ली तो दुकानातून निघताना साबणाने कोपरापर्यंत हात घासायचा. तरी ती मागे सरकायचीच. हे त्याच्या मनाला फार लागलं होतं, पण बोलणार काय?

खिडकी उघडली. स्कार्फवालीने दोन घेतली, एका जावेने दोन, दुसरीने दोन. घड्याळजीने खिडकीत तोंड घातलं.

“पहिली रांग, दोन.”

“एकच उरलंय,” खिडकीतला म्हणाला.

“एक? असं कसं? दोघं आहोत आम्ही. नवराबायको.”

“मग दुसरं बाल्कनीत देतो. शेवटची रांग, भिंतीला लागून. शेवटचा प्रयोग म्हणून आज पहिल्या रांगेपेक्षाही स्वस्त आहे ते. घेताय?”

“शेजारी-शेजारी काही...”

“काका, घ्या नाहीतर सरका!” मागून सायकलवाला. मघाशी तोच त्याच्या बाजूने भांडत होता.

त्याने दोन्ही घेतली. बाहेर पडल्यावर ते पहिल्या रांगेचं तिकीट त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. जोडी फुटली तर फुटली. तिला तर जवळून दिसेल! तो जवळजवळ धावतच घरी गेला आणि दारातूनच तिकीट उंच धरून म्हणाला, “पहिली रांग! अगदी मधोमध!”

ती मागे सरकली आणि भिंतीपाशी उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली.

“आणि तुम्ही?”

“मी वर, बाल्कनीत. माझं काय, मला कुठूनही दिसतं.”

“मी म्हणते, तुम्हीच बसा ना पुढे. मी जाते वर.”

“वेडबिड लागलंय का तुला? सकाळपासून रांगेत जीव काढला तो कशासाठी?”

ती कपाटाकडे वळली. ठेवणीतली निळी शाल काढून तिच्या घड्या मोडत बसली. आनंदाने उड्या मारील असं त्याला वाटलं होतं. त्याचा चेहरा पडला.

दुपारी तिला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं तेव्हा तिने त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. “मध्यंतरात याल ना?” तिने विचारलं. येतो म्हणून तो वर गेला. वर म्हणजे किती वर! जिना चढून धाप लागली. शेजारी एक गलेलठ्ठ गृहस्थ गोळ्या चघळत आधीच वैतागून बसलेले.

“ही काय जागा आहे? माणसं कुठली, मुंग्या दिसणार आपल्याला मुंग्या,” ते म्हणाले.

पडदा वर गेला. घड्याळजीने नाटक फारसं पाहिलंच नाही. रंगमंचावरच्या उजेडात पहिल्या रांगेतली डोकी स्पष्ट दिसत होती आणि त्यात ती निळी शाल. आजूबाजूची सगळी डोकी स्थिर. हिचं डोकं मात्र एकसारखं हलत होतं. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, पुन्हा डावीकडे. हरवलेली किल्ली शोधताना माणूस शोधतो ना, तसं. शेजारच्या बाईने एकदा रागाने वळून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग तिने हिच्या खांद्याला हात लावून काहीतरी सुनावलं. हिने मान खाली घातली, शाल गळ्याशी ओढून घेतली आणि मांडीकडे बघत तशीच बसली. रंगमंचावर गाणं चाललं होतं, तिच्या आवडीचं, आणि ती मांडीकडे बघत होती.

घड्याळजी खुर्चीच्या कडेला सरकला. काय केलं आपण हे?

मध्यंतराचा दिवा लागताच तो गर्दीच्या उलट धडपडत खाली गेला. ती जागेवरच होती.

“कसं वाटतंय?”

“छान. फार छान गातात हो.”

“मान कसली हलवत होतीस सारखी?”

“कोण, मी? कुठे?”

“वरून दिसत होतं मला.”

ती शालीच्या गोंड्यांशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, “शोधत होते. आवाज इकडून यायचा. माणूस सापडेपर्यंत दुसरंच कुणी गायला लागायचं. बूट तेवढे सापडायचे. त्या खलाशाच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती. मला आपली सारखी धास्ती, आता पडतो की काय.”

“किती उरलंय?” त्याने विचारलं. हा प्रश्न त्याने आजवर कधी विचारलाच नव्हता.

तिने दोन्ही हातांचं एक कडं केलं आणि चेहऱ्यासमोर धरलं. मग ते आणखी थोडं आवळलं. बशीएवढं असेल नसेल. “एवढं. त्यातून दिसतं ते अगदी लख्ख दिसतं. पण बाहेरचं काही नाही. तुम्ही जवळ आलात की नुसतं नाक दिसतं तुमचं. मागे सरकले की चेहरा येतो, मग खांदे येतात.”

“म्हणून मागे सरकतेस?”

“मग कशाला?”

“मला वाटलं, तेलाचा वास येतो माझ्या हाताला.”

ती त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. “अहो, काहीतरीच काय! त्या वासानेच तर कळतं तुम्ही आलात ते. हल्ली नुसता साबणाचा वास येतो, मी दचकते.”

घड्याळजीला हसावं की रडावं कळेना. “सकाळी बोलली का नाहीस मग?”

“कशी बोलू? दारात असं उंच धरून उभे होतात ते तिकीट, पोराने बक्षीस दाखवावं तसे. आणि मागची जागा हवी म्हटलं असतं तर किती उरलंय तेही सांगावं लागलं असतं.”

तेवढ्यात पहिली घंटा झाली. जहाज अजून यायचं होतं.

“ऊठ,” तो म्हणाला. “वर जायचं.”

“वर जागा एकच आहे ना?”

“ऊठ आधी. मी बघतो काय ते.”

लोक आत येत होते आणि ही दोघं बाहेर जात होती. कोण कोपर मारत होतं, कोण “काय हो, कुठे चाललात?” म्हणत होतं. जिना सरळसोट. तिला पायऱ्या दिसत नव्हत्या. तो एकेका पायरीला “चढ, चढ” म्हणत होता आणि कान घंटेकडे. दुसरी घंटा झाली तेव्हा ती दोघं जिन्याच्या मध्यावर होती. बाल्कनीच्या दारात डोअरकीपरने हात आडवा घातला.

“हे तिकीट खालचं आहे. बाईंची जागा पुढे आहे.”

“माहीत आहे. त्यांना इथे बसायचंय.”

“असं चालत नाही, काका. ज्याची जागा त्याने...”

“मी बसत नाही, मी बाहेर उभा राहतो!” घड्याळजीचा आवाज या वेळी चिरकला नाही. “माझ्या जागेवर त्यांना बसवतोय. त्यात कुणाच्या बापाचं काय जातंय?”

डोअरकीपरने हात काढला. रांगेत गलेलठ्ठ गृहस्थ पाय पसरून बसले होते. त्यांना ओलांडता येईना. तिसरी घंटा कुठल्याही क्षणी होणार. घड्याळजीने पहिल्या रांगेचं तिकीट त्यांच्या नाकासमोर धरलं.

“हे घ्या. पहिली रांग, मधोमध. तुमची जागा आम्हाला द्या.”

गृहस्थांनी गोळी गालात सरकवली. “का? काय भानगड आहे?”

“भानगड काही नाही.”

“मग पुढची जागा सोडून कोण शहाणा इथे येतो? तिथे खुर्ची मोडलीय की काय?”

“माझ्या बायकोला जवळून दिसत नाही,” घड्याळजी म्हणाला. मोठ्यानेच म्हणाला, दोन रांगांना ऐकू जाईल असं. “तिची नजर जात चाललीय. इतक्या लांबून सगळं मावतं तिच्या नजरेत. जवळून नाही मावत.”

गृहस्थांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग उठले, पोट आत घेऊन बाजूला झाले आणि तिला म्हणाले, “या ताई, सांभाळून. इथे पायरी आहे.” आणि त्या देहाला न शोभेलशा चपळाईने जिन्याकडे पळाले.

दिवे गेले. दोघं भिंतीला पाठ टेकून बसली. बराच वेळ नुसतीच गाणी झाली. ती पाठ असलेली गाणी ओठातल्या ओठात म्हणत होती. घड्याळजी जीव मुठीत धरून बसला होता. इथूनही नाही मावलं तर? यामागे तर भिंतच होती, आणखी मागे नेणार तरी कुठे?

मग ढोल वाजले, मागचा काळा पडदा दुभंगला आणि जहाज आलं. शिडं, दोर, डोलकाठी, आणि डेकवर दाटीवाटीने उभी माणसं. सगळ्यांनी एकदम सूर लावला.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिची मान स्थिर होती.

“दिसतात?” त्याने दबक्या आवाजात विचारलं.

“गप्प बसा हो.” आणि थोड्या वेळाने तिनेच त्याचं मनगट घट्ट धरलं. “सगळी दिसतात. ती कडेची म्हातारीसुद्धा. अख्खं जहाज आहे.”

प्रयोग संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत ती दोघं बसून राहिली. बाहेर पडली तेव्हा बाल्कनीमागच्या व्हरांड्यात कुणी नव्हतं. खिडक्यांतून संध्याकाळचं ऊन आत आलं होतं. तो तिचा हात धरून जिन्याकडे निघाला, तशी ती थांबली.

“हात सोडा जरा. तुम्ही इथेच उभे राहा, उन्हात.”

“काय झालं?”

“उभे राहा तर.”

त्याच्याकडे तोंड करून ती मागे मागे जाऊ लागली. धडपडेल या भीतीने त्याचा हात पुढे झाला, पण त्याने तो आवरला. एक पाऊल, मग दुसरं, मग आणखी एक. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. फोटोला उभं राहतात तसे त्याने ते बाजूला ठेवले आणि कोटाचं बटण लावलं.

“कोट आला,” ती म्हणाली. “हात आले.” आणखी एक पाऊल मागे गेली आणि तिची पाठ भिंतीला लागली. तिने मागे चाचपून पाहिलं. तिकडे आणखी जागा नव्हती.

“आलो का अख्खा?” त्याने विचारलं.

“बूट राहिले.”

घड्याळजीने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं.

“राहू देत,” तो म्हणाला. “बूट आज पुष्कळ पाहिलेस.”

ती हसली. केरसुणी घेऊन आलेला झाडूवाला दोघांच्या मध्ये येणार होता, तो थबकला आणि बाजूला उभा राहिला. घड्याळजी उन्हात ताठ उभा होता. तिचं बघून होईपर्यंत तो हलला नाही.