काटेमास्तरचा कान

“कुणाला खरं वाटणार नाही,” काटेमास्तर छताकडे बघत म्हणाला, “पण बसवा मला डोळ्यांवर पट्टी बांधून. गाडी काट्यावर चढताना नुसता आवाज ऐकून सांगतो, आत किती टन माल आहे ते.”

“मलाही नाही वाटत,” बायको म्हणाली. “तोंड उघडा.”

तिच्या हातात चमचा होता, चमच्यात गोळीची भुकटी आणि भुकटीवर चार थेंब पाणी. मास्तरने आ केला, भुकटी गिळली आणि फासावर जाणाऱ्या माणसासारखा चेहरा केला. बायकोने त्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तिने औषधाच्या बाटलीच्या झाकणात पाणी ओतून त्याच्यापुढे धरलं. हल्ली मास्तरचं सगळं जेवण त्याच झाकणाने चालत असे. दोन झाकणं सूप, मग दहा मिनिटं थांबायचं, मग आणखी दोन झाकणं. ऑपरेशनचा आज नववा दिवस. डॉक्टरांनी पोटाची पिशवी कापून आत एका केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवली होती. बाहेरून बघावं तर पाच चिकटपट्ट्या, बस्स.

“एकदा एक गाडी आली,” मास्तरने झाकण परत केलं. “मला ऐकू आले अकरा टन. काटाही म्हणाला अकरा. मी म्हटलं, उतरवा माल. उतरवला, तर भरला नऊ. दोन टन गेले कुठे? टायरमध्ये. हवेच्या जागी पाणी भरून आणलं होतं पठ्ठ्याने.”

“मागच्या वेळी दीड टन गेले होते,” बायको म्हणाली आणि चमचा घेऊन आत गेली.

कारखान्याच्या फाटकाशी जमिनीत बसवलेला एक लोखंडी काटा होता, ट्रक अख्खा उभा राहील एवढा. त्याच्या शेजारच्या केबिनमध्ये मास्तरने सव्वीस वर्षं काढली. भरलेली गाडी चढवायची, आकडा लिहायचा. माल उतरला की रिकामी गाडी चढवायची, आकडा लिहायचा. भरलेल्यातून रिकामी वजा केली की उरतो तो माल. मास्तरला याहून जास्त गणित कधी लागलं नाही. ड्रायव्हर लोक त्याला काटेमास्तर म्हणत, आणि तो दारात उभा राहिला की ओरडत, “मास्तर, तेवढे आत व्हा, आमचा माल वाढतोय.” घरातला वजनाचा काटा त्याच्या पायाखाली केव्हाच हाय खाऊन मेला होता. म्हणून एका दुपारी सगळ्यांनी त्याला ट्रकच्या काट्यावर उभं केलं. तो काटा वीस-वीस किलोंच्या टप्प्याने वाचायचा. आकडा आला एकशे साठ. मास्तर तो आकडा वर्षभर सांगत फिरला, आणि दर महिन्याला त्यात वीस घालत गेला.

आता त्यातलं काही उरलं नव्हतं. लोकांना हसवायला पोट नाही, आणि पोटात दुखायचं तेवढं मात्र शाबूत. सकाळ, दुपार, रात्र अशी तीन वेळा ती जबर गोळी ठरलेली होती. अख्खी गिळायची नाही, नळीत अडकेल, म्हणून चुरून. तरीही डाव्या बरगडीखाली कुणीतरी गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून, जेवायला निघून गेल्यासारखं वाटे. मास्तर उशीचं टोक दातांत धरून पडून राही. टोकाची शिवण आता उसवली होती.

“गोळीत खडू भरलाय,” तो चौथ्या दिवशी म्हणाला होता. “तो औषधवाला लुटतोय आपल्याला.”

बायको तेव्हा खिडकीतल्या झाडाची पानं ओल्या फडक्याने पुसत होती. एकेक पान, वरून आणि खालून.

“त्या गुडघ्याच्या लाल गोळ्या कुठे आहेत माझ्या? त्या तरी दे.”

“त्या आता जन्मात घ्यायच्या नाहीत. आत जखम होते. मी फेकून दिल्या.”

“माझ्या गोळ्या मला न विचारता?”

“तुमचं सगळं तुम्हाला विचारूनच करायचं असतं तर आज तुम्ही मोजे न घालता हिंडत असता,” बायको म्हणाली आणि पुढच्या पानाकडे वळली. मोजे ती गेली बारा वर्षं घालत होती. मास्तरचा हात स्वतःच्या पायापर्यंत पोचत नसे.

पडून राहणाऱ्या माणसाला दुसरा उद्योग नसतो. मास्तर ऐकत असे. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या आधी ऐकून झाल्या. त्यांत राम नव्हता, सगळ्या हलक्या. मग तो घर ऐकायला लागला. नळ, पंखा, वरच्या मजल्यावरची खुर्ची. आणि सहाव्या दिवशी, दुसरं काही उरलंच नाही म्हणून, त्याने बायको ऐकली.

सकाळी आठला ती स्वयंपाकघरातून यायची तेव्हा डावं पाऊल फरशीवर घासत यायचं. उजवं नीट, डावं ओढलेलं. मास्तरने डोळे मिटून निदान केलं: डाव्या बाजूचा पाटा बसलाय. ट्रकच्या चाकावरच्या स्प्रिंगला पाटा म्हणतात. तो बसला की गाडी एका अंगाला लवते आणि चढावर कण्हते. शंभर गाड्यांत अशी एक त्याने ओळखली असती. पण गंमत पुढेच होती. साडेआठला ती सुपाचं झाकण घेऊन आली, तेव्हा दोन्ही पावलं सारखी पडत होती.

सातव्या दिवशीही तेच. आठला लंगडी, साडेआठला नीट. दुपारी दोनला लंगडी, अडीचला नीट.

आज नववा दिवस. दुपारचे दोन वाजले, तशी मास्तरने जांभई दिली, डोळे मिटले आणि कान स्वयंपाकघराकडे लावला. गोळीच्या पाकिटाची चांदी फुटली, टक. एकच. मग सुरीचं पातं फळीवर आपटलं. मग दोन चमचे एकमेकांवर घासले. आणि मग, चमच्यांचा आवाज थांबल्यावर, स्टीलचा पेला भरला, आणि एक घोट.

दुसऱ्याची गोळी चुरताना कुणी पाणी पीत नाही.

मास्तरने डोळे उघडले. भरलेल्यातून रिकामी वजा झाली: अर्धी गोळी त्याला, अर्धी हिच्या पोटात. इतके दिवस तो उशी चावत होता, आणि औषधवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. त्याच्या मुठी आवळल्या. बायको चमचा घेऊन खोलीत आली, तेव्हा एक सणसणीत वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं.

“तोंड उघडा,” बायको म्हणाली.

चमचा खाली आणण्यासाठी तिला वाकावं लागलं. वाकताना तिने दुसरा हात पलंगाच्या कडेवर टेकवला, आणि तोंडातून आवाज येऊ नये म्हणून ओठ आत ओढून घेतले. मास्तरला एकदम दुसरा एक आवाज आठवला.

दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी बायको त्याला पलंगावरून उठवत होती. त्याने तिच्या खांद्यावर भार टाकला. सगळा. आणि कट् असा आवाज झाला. “पलंग मोडला,” मास्तर म्हणाला होता. भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्याने ती गोष्ट सांगितली. ऑपरेशन झालं पोटाचं आणि मोडला पलंग. कालच्या गोष्टीत पलंगाचे दोन पाय निखळले होते. लोक पोट धरून हसले, आणि बायको त्यांना पाणी देत राहिली.

पलंग त्याच्या पाठीखाली होता. चारही पाय शाबूत.

त्याच संध्याकाळी ती म्हणाली होती, “माझ्या कमरेत काहीतरी झालंय.” आणि मास्तरने उत्तर दिलं होतं, “माझं पोट फाडलंय, आणि तू मला कंबर सांगतेस?”

तयार झालेलं वाक्य मास्तरने भुकटीबरोबर गिळलं. तेही कडूच होतं.

चार वाजता सिस्टर आली. दिवसाआड घरी येऊन टाके बघणारी, रक्तदाब घेणारी आणि पोटात सुई टोचणारी. ती वयाने लहान होती आणि कुणाला घाबरत नव्हती.

“किती दुखतंय काका? दहापैकी?”

“दहापैकी बारा.”

“खरं सांगा.”

“मग आठ.”

तिने पट्ट्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला. फाइल मांडीवर उघडली, पण लिहिलं काही नाही.

“मी डॉक्टरांशी बोलले. पूर्ण डोस चालू आहे. आत्तापर्यंत दुखणं निम्म्यावर यायला हवं होतं. त्यांना शंका आहे की आतली शिवण कुठेतरी सुटली असावी. सहा वाजता गाडी येईल. घशातून नळी घालून बघतील. सुटली असेल तर,” ती थांबली, “पुन्हा उघडावं लागेल.”

बायको दारात उभी होती. तिचा हात चौकटीवर होता, आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. तिने तोंड उघडलं. तिची नजर सिस्टरच्या फाइलवर गेली. गोळी कुणी दिली, कधी दिली याचा एक तक्ता त्यात होता, आणि त्या तक्त्यावर दिवसाला तीन सह्या तिच्याच होत्या. तिने तोंड मिटलं.

मास्तरने ते पाहिलं. पाच पट्ट्या एकदम ताणल्या गेल्या तरी तो कोपरावर उठून बसला.

“सिस्टर, गाडीबिडी राहू द्या. कुणाला खरं वाटणार नाही, पण ती गोळी मी घेतच नाही.”

“म्हणजे?”

“अर्धी घेतो. ही बिचारी चमचा भरवते, मी निम्मी भुकटी गालात धरून ठेवतो. ही आत गेली की थुंकतो.”

“कुठे थुंकता?”

मास्तरने खोलीत नजर फिरवली. पलंग, खुर्ची, कपाट, खिडकी.

“त्या झाडाच्या कुंडीत,” तो म्हणाला.

सिस्टरने कपाळाला हात लावला. “का पण, काका?”

“कडू लागते.”

“लहान मूल आहात का तुम्ही? इथे डॉक्टर तुमचं पोट पुन्हा फाडायला निघालेत आणि तुम्हाला कडू लागते. काकू, तुम्हाला कळलं नाही?”

बायको मास्तरकडे बघत होती. तीस वर्षांत इतका वेळ सलग तिने त्याच्याकडे कधी पाहिलं नसेल. मास्तरला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. त्याला बरगडीखाली दुखायचं क्षणभर थांबलं. आपण आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ओझं उचललं, आणि उचलायला काही कष्टही पडले नाहीत. तोंडच तर चालवायचं होतं. ही गोष्ट आता किती वर्षं सांगता येईल याचा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झाला. केबिनमध्ये सांगता येईल, बायकोच्या नावाला धक्का न लावता. किंवा हळूच लावूनही.

“हिला कसं कळणार?” मास्तर म्हणाला. “मी काटेमास्तर आहे, फसवायचे सगळे प्रकार मला पाठ आहेत. आजपासून अख्खी गोळी घेतो. तुम्ही इथे बसा, तुमच्यासमोर घेतो. पण घशातली ती नळी नको.”

सिस्टरच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाच्या खाली सुटका झाल्याचं हसू. तिने पेनाचं टोपण काढलं.

“फाइलमध्ये लिहावं लागेल मला. आणि डॉक्टर तुम्हाला फोनवर सोलून काढतील.”

“काढू देत. तशीही बरीच चरबी शिल्लक आहे.”

सिस्टर हसली. झालं. कुणी हसलं की मास्तरला जिथे थांबायचं तिथे थांबता येत नसे.

“आणि खरं सांगू का सिस्टर? गोळी चांगली आहे हो. मी उगाच खडू म्हणत होतो. त्या झाडाकडे बघा. आधी मरतुकडं होतं. रोज माझी अर्धी गोळी प्यायला लागलं आणि तरतरीत झालं. एक पान पिवळं नाही. परवा तर वरच्या बाजूला नवीन पालवी फुटलीय, ही रोज पाणी घालते तेव्हा बघते ना.”

तो बायकोकडे वळला. “काय गं? सांग ना त्यांना.”

बायकोने चौकट सोडली. डावं पाऊल फरशीवरून घासत ती खिडकीपाशी गेली. दोनच्या अर्ध्या गोळीचा जोर ओसरला होता, आणि यावेळी तिने ते घासणं लपवलं नाही. सिस्टरचं पेन कागदावर टेकलं होतं, पण तिचे डोळे त्या पावलाकडे गेले. बायकोने झाडाचं एक पान दोन बोटांत धरलं आणि त्यावरची धूळ अंगठ्याने पुसली.

“अहो,” ती म्हणाली, “हे झाड प्लास्टिकचं आहे. अकरा वर्षं झाली.”