सरकवलेली रेघ

"रेघ तुम्ही सरकवलीत, साहेब. सुट्टीचा दिवस गाठून, चोरासारखी!"

मावशी हात न पुसताच सुरक्षा अधिकाऱ्याच्या खोलीत शिरल्या होत्या. कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. त्यांची सून दारातच थांबली होती, ओढणीचं टोक मुठीत धरून.

अधिकाऱ्यानं चष्मा काढला. "बसा, मावशी."

"बसायला नाही आले."

परवापर्यंत धोक्याच्या हद्दीची ती पिवळी रेघ धुलाईखान्याच्या दारात होती. अणुभट्टीच्या बाजूला काम करणाऱ्यांचे पोशाख तिथे धुतले जात. रेघेच्या आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकीच्या छातीवर बॅज असायचा. अंगाला किती किरणोत्सार लागला ते त्यावरून कळायचं. घरी जाताना तपासणीच्या यंत्रात उभं राहावं लागायचं. आज सकाळी बायका आल्या, तर जुनी रेघ खरवडून काढलेली आणि नवी थेट पलीकडच्या दाराशी. धुलाईखाना एका फटकाऱ्यात 'बाहेर' गेला होता. बॅज काढून घेतले, तपासणीचं यंत्र उचललं. मळक्या पोशाखांचे ढीग मात्र होते तिथेच होते.

आणि हे सगळं कधी झालं? तिथेच कामाला असलेल्या सुनेनं दिवस गेल्याचं कळवल्यावर! बॅजवाली बाई गरोदर राहिली की तिला दुसरं काम द्यावं लागतं, असा नियम. धुलाईखान्यात आधीच माणसं कमी. म्हणून बाई हलवली नाही, रेघ हलवली.

"हे बघा," अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाला, "किरणोत्सार वेगळा, दूषितपणा वेगळा. पोशाखाला चिकटून येते ती नुसती धूळ. तीही मोजून इकडे पाठवतात. इथला डोस इतका कमी आहे की बॅजची गरजच नाही, असं वरून ठरलंय."

"वर बसलेल्यांपैकी कुणी एक तरी पोशाख पिळलाय?"

"नियमात बसतं ते, मावशी."

"मागच्या आठवड्यात बसत नव्हतं. मागच्या आठवड्यात ती धूळ होती, आज काय पिठीसाखर झाली?"

त्यानं चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"चला. तिथे उभं राहून बायकांना सांगा, काही नाही म्हणून."

तो उठला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

धुलाईखान्यात यंत्रं घरघरत होती. दिवसभर तोंड चालतं म्हणून जिला सगळ्या 'रेडिओ' म्हणत, ती त्याला पाहताच सुरू झाली. "या साहेब! किरणोत्साराची बदली झाली म्हणे? नशीबवान मेला. आम्ही किती वर्षं अर्ज करतोय!"

बायका खिदळल्या. अधिकारीही कसनुसा हसला आणि दाराशी थांबून बोलू लागला. "घाबरायचं काहीही कारण नाही. ही जागा आता तुमच्या घरच्या मोरीइतकीच..."

बोलता बोलता त्यानं एक हात भिंतीला टेकवला. दुसरा हात दाराशेजारच्या खोक्यात गेला. त्यातून प्लास्टिकची पिशवी निघाली, बुटावर चढवायची. एका बुटावर चढली. मग दुसरी, दुसऱ्या बुटावर. मग हातमोजे. इतकी वर्षं या दारातून तो असाच आत येत आला होता.

रेडिओ गप्प झाली. कुणीतरी यंत्राचं बटण बंद केलं.

अधिकाऱ्यानं खाली पाहिलं. आपल्याच पायांकडे, अनोळखी माणसाच्या पायांकडे पाहावं तसं. त्याचे कान लाल झाले. "सवय," तो पुटपुटला. पण त्यानं पिशव्या काढल्या नाहीत.

"चांगली सवय आहे. राहू द्या," मावशी म्हणाल्या. आवाजातला चढ आता गेला होता, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं. त्यांनी मागे वळून सुनेचा दंड धरला, तिला दारापर्यंत आणलं आणि तिथेच थांबवलं.

"आई, जाऊ दे ना," सून हळूच म्हणाली.

"तू थांब गं." मावशी अधिकाऱ्याच्या डोळ्यांत बघत होत्या. "तिसरा महिना चालू आहे हिला. आत पाठवू की नको? वरच्यांचं नका सांगू, नियमाचं नका सांगू. तुमचं सांगा, साहेब. पाठवू?"