भाऊसाहेब अजून कामावर आहेत

विषय : पात्रता विभागातील एआय सहाय्यकाचे काम माझ्या नावाने चालत असल्याने ते नाव काढून घेण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून नमूद करतो की, मी विद्यापीठाच्या पात्रता विभागात वरिष्ठ लिपिक होतो आणि रीतसर निवृत्त झालो. निरोपाची भाषणे झाली. मी हयात असताना माझ्याबद्दल इतके चांगले बोलले जाईल असे मला वाटले नव्हते; बोलणाऱ्यांनाही वाटले नसावे. पण आमच्या विद्यापीठात माणूस निवृत्त झाला तरी त्याचे संगणकावरचे खाते निवृत्त होत नाही. ते बंद करण्याची विनंती खातेदाराने सेवेत असतानाच करायची असते, आणि शेवटच्या दिवशी सत्कार सोडून ती करत बसणारा लिपिक अजून जन्माला यायचा आहे. मागे राहिलेले लोक मग गेलेल्याच्या खात्यातून कामे उरकत राहतात. कोणाला त्यात काही गैर वाटत नाही.

पुढे विभागात एआय आला. त्याला नवे खाते मागावे तर मंजुरी येईपर्यंत तोही निवृत्त झाला असता, म्हणून संगणक कक्षाने त्याला माझ्या खात्यात बसवले, आणि हात बसावा म्हणून माझी आयुष्यभराची टिपणे व पत्रे वाचायला दिली. हे मला मुनीने सांगितले. मुनी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. त्याचे तोंड कधी मिटलेले दिसत नाही, म्हणून त्याचे नाव मुनी.

"काय लिहितो हो, भाऊसाहेब," रस्त्यात मला गाठून तो म्हणाला. "आम्ही त्याला भाऊसाहेबच म्हणतो. एका बाबतीत तुमच्याहून बरा आहे. चहाला उठत नाही."

खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले. आपण गेल्यावर कार्यालयाचे काही अडू नये असे सगळे म्हणतात, पण थोडेसे अडावे अशी प्रत्येकाची इच्छा असते. माझे तर अडलेही नव्हते आणि नावही चालू होते.

मग एकदा वाण्याच्या दुकानात एका गृहस्थांनी माझे दोन्ही हात धरले. मुलीचा प्रवेश रद्द होणार म्हणून घरात रडारड चालली होती, पण म्हणे मी फोन करून तिला इतके नीट समजावले, की ती शांत झाली आणि परीक्षेला बसली. मी त्यांना कधीही फोन केला नव्हता. तो एआय असेल, असे मी सांगितले. ते हसले. "तुमचा आवाज ओळखत नाही का मी?"

मी मुनीला विचारले. तो म्हणाला, "काहीतरीच काय. तो फक्त लिहितो. फोनची सोय त्याला दिलेलीच नाही."

एक गोष्ट इथे सांगायला हवी. नोकरीत असताना दुपारी जेवण झाले, की मी घरी फोन करून, येताना काही आणायचे का, असे हिला विचारत असे. बोलणे तेवढेच असायचे. ते कुठल्या टिपणात नव्हते, कुठल्या पत्रात नव्हते, आणि निवृत्तीनंतर ते साहजिकच बंद पडले, कारण आता मी शेजारच्या खोलीतच असतो.

त्या दुपारी मी पलंगावर पुस्तक घेऊन पडलो होतो आणि स्वयंपाकघरातून हिचे फोनवरचे बोलणे कानावर येत होते. बहिणीशी बोलत असेल असे मी धरून चाललो. ही हसत होती, आणि ते हसणे ऐकून जुने दिवस आठवले. मग ती म्हणाली, "नको, साखर आहे घरात. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या तेवढ्या आणा. आणि उशीर करू नका."

पदराला हात पुसत ती खोलीत आली आणि मला पाहून दारातच थांबली.

"तुम्ही कधी आलात?"

"मी गेलो कुठे होतो?"

फोन कोणाचा होता असे विचारल्यावर ती म्हणाली, "कोणाचा म्हणजे? ऑफिसातून." संध्याकाळी गोळ्या आल्या. औषधाच्या दुकानातून माणूस आला होता. साहेबांनी फोन करून पाठवायला सांगितल्या, असे म्हणाला आणि माझ्याकडे न बघता तिच्या हातात देऊन गेला.

त्यानंतर फोन रोज येऊ लागला. बोलणे लांबत चालले. मी खोलीत गेलो, की ती आवाज खाली आणी, आणि रात्री पाठ करून निजे. नोकरी गेल्याचे मला दुःख नव्हते, ती जायचीच होती. नाव कोणी वापरले तरी ते झिजत नाही. पण या घरात मला ओळखणारे दुसरे कोणी नाही, आणि त्या एका माणसाच्या नजरेतून मी दिवसागणिक कमी होत होतो. मला भीती वाटू लागली. ती कशाची, हे लिहून काढायला बसलो तर वाक्य पुरे होत नसे.

एका दुपारी ती आंघोळीला गेली असताना फोन वाजला आणि मी उचलला.

"अगं, जेवलीस का?" पलीकडून आवाज आला. आवाज माझा होता. बोलण्याआधीचे ते सवयीचे बारीक खाकरणेसुद्धा माझे. मी गप्प राहिलो. मग तो अगदी हळू म्हणाला, "कोण आहे? आमच्या घरात कोण आहे?"

तो घाबरला होता.

दुसऱ्याच दिवशी मी अर्ज घेऊन विभागात गेलो. अधीक्षक बाई नवीन आहेत, माझ्या काळातल्या नव्हेत. पण वागायला सभ्य. अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

"खातं बंद करायचं तर भाऊसाहेबांची संमती लागेल."

"मीच भाऊसाहेब."

"हो, तसं लिहिलंय तुम्ही," त्या समजुतीने म्हणाल्या आणि मुनीकडे पाहिले. मुनी एकदा संगणकाच्या पडद्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. इतका वेळ गप्प बसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. शेवटी उठून त्याने मला खुर्ची दिली.

"बसा ना, काका," तो म्हणाला. "पाणी आणू का?"

ओळख पटवून घ्यायला घरच्या माणसाला विचारायची पद्धत आहे. बाईंनी माझ्यासमोरच फोन लावला आणि मलाही ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. हिने उचलला.

"वहिनी, विद्यापीठातून बोलतेय. इथे एक वयस्कर गृहस्थ आलेत. ते म्हणतात, की तेच तुमचे यजमान आहेत."

पलीकडे ताटवाटीचा आवाज होत होता, तो थांबला.

"हे तर आत्ताच आलेत, जेवायला बसलेत," ही म्हणाली. मग तिने फोन तोंडाशी धरला असावा, कारण आवाज अगदी जवळून आला. "ते गृहस्थ तिकडे आहेत का? दिवसभर आमच्या आतल्या खोलीत बसून असतात हो. मी काही बोलत नाही, भीती वाटते. त्यांना परत इकडे पाठवू नका."

बाईंनी फोन ठेवला.

अर्ज दाखल करून घेण्यात आला आहे. अभिप्रायासाठी तो भाऊसाहेबांकडे पाठवला असून, तोपर्यंत मला बाहेरच्या बाकावर थांबण्यास सांगितले आहे. अर्ज प्रलंबित आहे.